नाव न घेतलेला मुलगा

"ताई, माझ्या मुलाला तुमच्या त्या रजिस्ट्रीतून काढा. आत्ता. माझ्यासमोर."

केतकी माझ्या टेबलापाशी उभी होती. सोमवारची सकाळ होती आणि मी अजून कोटही काढला नव्हता. एरवी ही बाई इतकी हळू बोलते की "काय म्हणालीस?" असं विचारावं लागतं. त्या दिवशी तिचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जात होता.

"बस आधी," मी म्हटलं.

"बसायला नाही आले."

मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होते, नवऱ्याच्या नोकरीमागे इंग्लंडात रीडिंगला आले आणि आता रोज ट्रेनने जाऊन दक्षिण किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्री मॅनेजर म्हणून काम करते. शहराचं नाव सांगत नाही. बंदर आहे, एवढं पुरे. खरं तर एवढंही जास्तच झालं, ते का ते पुढे कळेल. रजिस्ट्री म्हणजे एकाच आजाराच्या पेशंट्सची एकत्र ठेवलेली माहिती. वय, तपासण्या, औषधं, परिणाम. नाव काढून टाकायचं आणि त्या जागी कोड घालायचा. ते काढणं-घालणं माझ्याकडे.

केतकीचा अर्णव नऊ वर्षांचा. अन्नातली प्रथिनं त्याच्या शरीराला झेपत नाहीत, जरा जास्त झाली की रक्तात विष साठतं. आजाराचं नाव मी घेणार नाही. तो इतका दुर्मिळ आहे की एकेका देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच पेशंट. म्हणून युरोपातली काही हॉस्पिटलं आपापली माहिती एकत्र करतात. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला, पण आजार काही बाहेर पडले नाहीत, तेव्हा वेगळे करार करून आम्हीही त्या जाळ्यात आहोत.

"काय झालं ते तरी सांग," मी म्हटलं. मला अर्धं माहीत होतं. शनिवारपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"काल रविवारच्या मराठी शाळेत एका मुलीने त्याला विचारलं, तुला नवीन लिव्हर बसवणार का? आणि नाही बसवलं तर तू मरणार का? घरी येऊन मला म्हणतो, 'आई, माझा लिव्हर खराब झाली आहे का?' त्याला आम्ही एवढंच सांगितलं होतं ताई, की तुझं पोट जरा वेगळं आहे. बाकीचं मोठा झाला की सांगणार होतो. आम्ही सांगणार होतो."

मग ती बसली.

आता हे कसं घडलं ते सांगते.

युरोपात आरोग्याच्या डेटाची देवाणघेवाण कशी व्हावी याचे नवे नियम येऊ घातलेत. त्यातल्या दुर्मिळ आजारांच्या भागाचा एक मसुदा आमच्या जाळ्याकडे आला होता. डॉक्टरांचं आणि संशोधकांचं मत कळवा, असं सोबत लिहिलेलं. याला कन्सल्टेशन म्हणतात. म्हणजे ठरवण्याआधी विचारायचं, निदान विचारल्यासारखं दाखवायचं. आमच्या बाजूची मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डॉक्टरांची मतं गोळा करणं म्हणजे बेडकांचं वजन करणं. इमेलला उत्तर नाही, रिमाइंडरला उत्तर नाही, आणि लिफ्टमध्ये भेटले की मजला येऊन गेला तरी मत संपत नाही.

भांडण एका नियमावरून होतं. एखाद्या तक्त्यात पाचाहून कमी माणसं असतील तर आकडा दाखवायचा नाही, तिथे फुली मारायची. का, तर गावात एकच तिळ्यांची आई असेल आणि तुम्ही 'तिळ्यांच्या आया : एक' असं छापलंत, तर तिचं नावच छापल्यासारखं झालं. नियम शहाणपणाचा आहे. फक्त आमच्या आजाराच्या तक्त्याला तो लावला की देशामागून देश फुल्याच फुल्या. संशोधकांनी त्यातून काय वाचायचं? डॉक्टर मंडळी खवळली होती. नियमाच्या बाजूने आमच्याकडे एकटी हेलन. पेशंटची माहिती कोणाला दिसावी आणि कोणाला नाही हे बघणारी आमची अधिकारी. चहासुद्धा ती परवानगी असल्यासारखा पिते.

मतं मांडायला एका गुरुवारी ऑनलाइन सभा होती. आमच्या वतीने बोलायला मी डॉ. पांढरीपांड्यांना तयार केलं. ते अर्णवचे कन्सल्टंट, म्हणजे त्याच्यावर उपचार करणारे मोठे डॉक्टर. मूळचे नागपूरचे. तरुणपणी इकडे आले ते इथलेच झाले. इंग्रजांना आडनाव झेपत नाही म्हणून सगळे 'डॉक्टर पी' म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण माइक हातात आला की आवरत नाही.

"दोनच मुद्दे आहेत डॉक्टर," मी बजावलं होतं. "स्लाइडही केली आहे. वाचून दाखवलंत तरी चालेल."

"अगं मंजिरी, मी काय पहिल्यांदा बोलून राहिलो का?"

पहिला मुद्दा त्यांनी छान सांगितला. दुसऱ्याच्या आधी मात्र चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला म्हणजे आता स्लाइडकडे बघणार नाहीत.

इथे डॉक्टरांची एक सवय सांगायला हवी. मेडिकल कॉलेजात त्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती केस मांडायची. वय, मुलगा की मुलगी, वंश, राहणार कुठला, घरी कोण, तक्रार काय, पुढे काय होण्याची शक्यता. नाव नाही घ्यायचं. हे इतकं अंगात मुरतं की नाव घेतलं नाही म्हणजे आपण काहीच सांगितलं नाही असं त्यांना मनापासून वाटतं. आणि केस चांगली मांडणारा डॉक्टर बारीकसारीक गोष्टी सोडत नाही. आमचे डॉक्टर केस फारच चांगली मांडतात.

"नऊ वर्षांचा मुलगा," त्यांनी सुरुवात केली. भारतीय वंशाचा. दक्षिणेकडच्या बंदराच्या शहरात राहतो. वडील क्रूझवर इंजिनिअर, महिनोन्‌महिने समुद्रावर. आई सणासुदीच्या जेवणालाही पर्समधून वजनकाटा नेते आणि चारचौघांत मुलाच्या पानातला भात तोलून वाढते. औषध लागू पडलं नाही तर मेंदूला इजा, मग लिव्हर बदलणं, आणि वेळेत नाही मिळालं तर मूल जातं. सगळं गंभीर, सुंदर इंग्रजीत. मग चष्मा परत चढवून त्यांनी विचारलं, "आता मला सांगा, एवढ्यावरून या मुलाला कोण ओळखणार आहे? मग या फुल्या कशासाठी?"

पडद्यावर टाळ्यांच्या खुणांचा पाऊस पडला. इटलीतल्या एका प्राध्यापिकेने 'ब्राव्हो' लिहिलं. हेलनने फक्त मला मेसेज केला : हे रेकॉर्ड होतंय का?

होत होतं. कन्सल्टेशनची रेकॉर्डिंग सगळ्यांना बघता यावीत असाच नियम आहे, पारदर्शकपणा म्हणून. मी लगेच आयोजकांना लिहिलं की आमचा भाग रोखून ठेवा. उत्तर आलं की संबंधित सहकारी सोमवारी भेटतील. मी फोन केला, तर तेच उत्तर यंत्राने दिलं.

शनिवारी शुभांगीवहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकली. 'युरोपसमोर आपले डॉक्टर!' कौतुक कोणाला नसतं? अभिनंदनाचे फुगे उडाले. मग कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं. 'अगं, हा आपला अर्णव तर नाही?' त्या बंदराच्या शहरात मराठी घरं असून असून किती, आणि त्यात वजनकाटा नेणारं घर किती? वर्षानुवर्षं केतकीला 'काटेवाली' म्हणून हसणाऱ्या बायकांना एका क्षणात सगळा उलगडा झाला.

मी वहिनींना फोन केला. त्या रडायलाच लागल्या, लिंक काढली. तोवर उशीर झाला होता. खरं सांगायचं तर कोणी वाईट बोललं नाही. हात जोडल्याच्या खुणा, 'काहीही लागलं तर हक्काने सांग', एका काकूंनी नागपूरच्या वैद्यांचा पत्ता पाठवला. प्रेमच होतं सगळं. मला मात्र ते वाचताना कानकोंडं झाल्यासारखं होत होतं. घरोघरी जेवताना विषय निघाला असणार, आणि मुलांना कान असतात.

तर सोमवारी केतकी माझ्यासमोर.

काढायचं म्हटलं तर एक क्लिक. तिचा हक्क आहे, त्यावर प्रश्न नाही. पण मला एक गोष्ट माहीत होती. अर्णवच्या औषधाचा वाढीव डोस पुढच्या महिन्यात ठरायचा होता. औषध नवीन. वाढत्या अंगाच्या मुलाला किती द्यावं हे कुठल्याही पुस्तकात नाही. इतर देशांतल्या तशाच मुलांशी तुलना करूनच ठरवायचं. त्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त काळ औषध घेणारा अर्णव. तो बाहेर पडला की त्याची तुलना बंद, आणि मागून येणाऱ्या लहान मुलांची वाटही बंद.

आमच्याकडे नियम असा आहे की बाहेर पडण्याचा परिणाम पेशंटला एकदा सांगायचा. दुसऱ्यांदा सांगितलंत तर तो दबाव. मी एकदा सांगितलं.

"घाबरवताय मला?" केतकी म्हणाली.

"नाही गं. सांगणं माझं काम आहे. काढणंही माझंच काम आहे."

"मग काढा."

"डिलीट केलं तर परत आणता येत नाही. होल्ड करता येतं. माहिती तिथेच राहते, पण कोणाला दिसत नाही, कशात मोजली जात नाही. तू म्हणशील तोवर."

ती उठून माझ्या खुर्चीमागे आली. "करा होल्ड. मला बघू दे."

मी केलं. अर्णवच्या कोडची ओळ करडी झाली. केतकी थँक्यू न म्हणता गेली, आणि तेच बरोबर होतं.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मी नाव घेतलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पत्ता सांगितला?"

"नाही."

"मग?"

"मग मराठी शाळेतल्या मुलीला कसं कळलं, डॉक्टर?"

त्यांना शाळेचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. या मुलाला त्यांनी पाळण्यात असताना वाचवलं होतं.

"मी घरी जाऊन माफी मागतो," ते म्हणाले. "पेढे घेऊन जाऊ?"

"डॉक्टर, पेढे? अर्णवला?"

"अरे देवा." त्यांनी डोकं हातात धरलं. "पार डोकंच काम करून नाही राहिलं माझं."

हॉस्पिटलच्या रीतीप्रमाणे हेलनने घडलेल्या चुकीची नोंद केली, रेकॉर्डिंग वेबसाइटवरून काढून टाकायला लावलं आणि केतकीला लेखी माफी पाठवली. पण डॉक्टरांना स्वतः जायचं होतं. केतकीने बऱ्याच विनवण्यांनंतर शनिवारी या म्हटलं, आणि म्हणाली, ताई, तुम्हीही या, मला एकटीला त्यांच्याशी बोलायचं नाही.

आम्ही गेलो, तर तिने चहा विचारला नाही. मराठी घरात पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते मराठी माणसालाच कळेल. डॉक्टर सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "केतकी, मी चुकलो. मला वाटलं मी आजाराबद्दल बोलतोय. मी तुझ्या मुलाबद्दल बोलत होतो."

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्याला सांगा."

अर्णव जिन्यावर बसून ऐकत होता. खाली आला. उंच, बारीक, एका पायात मोजा, एका पायात नाही. डॉक्टरांनी त्याचीही माफी मागितली, अगदी मोठ्या माणसाची मागावी तशी.

अर्णव विचार करून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना सांगितला. युरोपला पण सांगितला. मग मला का नाही सांगितला?"

केतकीने तोंड फिरवलं. हा प्रश्न एकट्या डॉक्टरांना नव्हता, तिलाही होता. आणि मलाही, कारण महिनाभर मी डॉक्टरांची मतं, संशोधकांची मतं, झाडून सगळ्यांची मतं मागत फिरत होते. हे मूल माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

"ॲम आय गोइंग टू डाय?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी केतकीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. लिव्हर काय करतं, त्याचं काय करत नाही, औषध कशासाठी, डोस का वाढवायचा, काय बिघडू शकतं, रजिस्ट्रीत नावाऐवजी कोड का असतो. काही लपवलं नाही आणि काही रंगवलंही नाही. इतकी चांगली केस त्यांनी आयुष्यात मांडली नसेल. अर्णव मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. केतकी कधी स्वयंपाकघरात गेली ते कळलं नाही. आली ती चहा घेऊनच.

निघताना अर्णवने मला गाठलं. "मंजिरीमावशी, माझ्यासारखी अजून कितीजणं आहेत? हेच औषध घेणारी?"

मला आकडा माहीत होता. पण तो पाचाच्या आतला.

"आहेत," मी म्हटलं. "तू एकटा नाहीस."

"पण किती?"

"ते मला सांगता येत नाही रे. नियम आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"आणि माझा कोड पण त्यात होता?"

"होता."

"दॅट्स नॉट फेअर," तो म्हणाला. परतीच्या ट्रेनमध्ये मी फोनवर चार वेळा हेलनचं नाव काढलं आणि चार वेळा फोन परत ठेवला.

सोमवारी मात्र सरळ तिच्यासमोर जाऊन बसले. वाटलं होतं, ती नियमाचं पान उघडून दाखवेल. तिने उघडलंही. मग बराच वेळ वाचत राहिली.

"हा नियम छापण्याबद्दल आहे," ती म्हणाली. "पेशंटला त्याच्या स्वतःच्या आजाराविषयी तोंडी सांगण्याबद्दल यात काहीच नाही."

"म्हणजे सांगू?"

"अजिबात नाही. तो आकडा दुसऱ्या मुलांनी मिळून झाला आहे. त्यांच्या हॉस्पिटलांना आधी विचारायला हवं."

आणि तिने विचारलं. प्रत्येक हॉस्पिटलाला स्वतः फोन करून. डॉक्टरांनी जिला महिनाभर शिव्या घातल्या ती ही बाई. एका ठिकाणचा वकील अडून बसला. घोडं तिथेच पेंड खातंय असं वाटलं. डोसची मीटिंग जवळ येत होती आणि माझ्या स्क्रीनवर ती ओळ करडीच होती. मी रोज सकाळी आधी ती बघायची. केतकीला फोन करायचा मोह व्हायचा, पण दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे दबाव. मी मूग गिळून बसले. ट्रेनमध्ये पुस्तक उघडायची आणि तेच पान बघत रीडिंग यायचं.

शेवटी त्या वकिलाने तिथल्या मुलाच्या घरच्यांनाच विचारलं. ते म्हणाले, सांगा की, आम्हालाही हेच कधीचं विचारायचं होतं. मग बाकीच्या घरांनाही विचारलं गेलं. सगळ्यांचा होकार आला.

मी त्याच दुपारी केतकीला फोन लावला. "अर्णवला एक उत्तर द्यायचं राहिलं होतं," मी म्हटलं. तिने फोन स्पीकरवर टाकला.

मी आकडा सांगितला. तुम्हाला सांगत नाही.

पलीकडून अर्णवचा आवाज आला, "मला धरून, की मला सोडून?"

इतकी वर्षं मी माणसं मोजते आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"तुला सोडून," मी म्हटलं. "तू सध्या होल्डवर आहेस."

"ओह." तो म्हणाला, "मग त्या मुलांना पण मी दिसत नाही? आय मीन, त्यांनी विचारलं तर त्यांना पण एक कमी सांगणार?"

"हो."

फोनवर कुजबुज ऐकू आली. 'आई, प्लीज.' मग केतकीचं नाक ओढणं.

"ताई," ती म्हणाली, "धरा त्याला."

मी फोन कानाला लावूनच होल्ड काढला. करडी ओळ काळी झाली. डोसची मीटिंग ठरल्या दिवशी झाली, औषध वाढवलं, आणि हे लिहीपर्यंत अर्णव ठीक आहे. त्यापुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

राहिलं ते धोरण. आमचं उत्तर आम्ही नव्याने लिहिलं. परवानगी असलेल्या संशोधकांना छोटे आकडे बंद खोलीत दिसू द्या, बाहेर कुठे छापू नका, भाषणात तर मुळीच नको, आणि पेशंटने विचारलं तर त्याला सांगा. हेलनची सही आणि डॉक्टर पींची सही एका पानावर हे आमच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा घडलं. अंतिम अहवालात आमच्यावर एक वाक्य आहे : युनियनबाहेरील काही सहभागींनी वेगळे मत नोंदवले. कुठलं ते लिहिलेलं नाही.

डॉक्टरांना विचारावं, संशोधकांना विचारावं, काही म्हणणं नाही. पण ज्याची मोजणी चाललीय त्याला आधी विचारावं. त्याला रिमाइंडर पाठवावा लागत नाही.